वाऱ्याचा हिशेब

हवा फुकट मिळते, ही समजूत ज्याने कुणी प्रथम रूढ केली तो भिलाईत राहिलेला नसावा. दुर्गाहून पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्या दिसू लागतात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्यांपैकी पहिलीचे उद्घाटन केले. तेव्हापासून येथे हवा ही मोजून, दाबून आणि तापवून खर्च करण्याची वस्तू झाली आहे. एक टन लोखंड काढण्यासाठी टनाहून अधिक वजनाची हवा भट्टीच्या पोटात लोटावी लागते. ती लोटणारी यंत्रे वाफेवर फिरतात, आणि ती वाफ करण्यासाठी जे इंधन जळते त्यात भट्टीच्याच तोंडून निघालेला वायूही असतो. म्हणजे भट्टी आपल्याच उच्छ्वासाच्या बळावर पुढचा श्वास घेते.

आमच्या लहानशा पेट्रोल गाडीतही हीच व्यवस्था आहे, हे कळले तेव्हा आम्हांस मोठी मौज वाटली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने टर्बोचे एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. अधिक हवा म्हणून अधिक इंधन, अधिक इंधन म्हणून अधिक शक्ती, आणि त्याबरोबरच अधिक तप्त वायू, जो चक्राला आणखी जोराने फिरवतो. या वर्तुळाला कुणी आवर घातला नाही तर ते इंजिनाचाच घास घेईल.

आवर घालण्याचे काम वेस्टगेट नावाच्या झडपेकडे असते. ती उघडली की वायूचा काही भाग चक्राला वळसा घालून परस्पर निघून जातो. (झोतभट्टीवरही जास्तीचा वारा बाहेर सोडणारी एक झडप असते. आत माल अडकून बसला तर तेथला वाकबगार माणूस वारा वाढवीत नाही, कमी करतो.) पूर्वी वेस्टगेट केवळ स्प्रिंगच्या भरवशावर चाले. दाब स्प्रिंगहून वरचढ झाला की ते उघडे. आता त्यांच्यामध्ये विजेवर चालणारी एक चिमुकली झडप बसवलेली असते. वेस्टगेटकडे जाणाऱ्या दाबातील काही अंश ती वाटेतच सोडून देते, त्यामुळे वेस्टगेट अधिक काळ मिटलेले राहते. किती अंश सोडायचा, ते गाडीतील संगणक टक्क्यांत ठरवतो. इंजिनाच्या या वेगाला किती दाब हवा, हे तो तक्त्यात पाहतो. प्रत्यक्षात किती आहे, हे संवेदकाला विचारतो. आणि दोहोंतील फरकाप्रमाणे टक्के वाढवतो किंवा घटवतो. आमच्यासारख्या कारकुनांस ही पद्धत परकी वाटू नये. मंजूर रक्कम एका रकान्यात, झालेला खर्च दुसऱ्यात, फरक तिसऱ्यात आणि चौथ्यात शेरा. आम्ही जन्मभर हेच करतो; एवढेच की आमचा शेरा बहुधा वर्ष उलटल्यावर पडतो आणि याचा सेकंदात अनेकदा.

गेल्या हिवाळ्यात आमची ही गाडी सुस्तावली. आमच्या मातोश्री नागपुरास असतात. महिन्या-दीड महिन्याने ते सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर तोडावे लागते. मागच्या आसनावर मुले, पुढे पोलादाची गुंडाळी लादलेला ट्रक, आणि त्याला ओलांडताना ऐन वेळी इंजिनाने हात आखडता घ्यावा, ही काही विनोदाची बाब नव्हे. कचेरीतील स्नेह्यांचा सल्ला एकमुखी होता: रीमॅप करून टाका. संगणकातील तक्ता बदलायचा, अपेक्षित दाबाचा आकडा वाढवायचा, की गाडी पळाली.

आमचा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत तो लॅपटॉप आणि एक वायर घेऊन आला, तोच मुळी हे काम अंगावर घेण्याच्या उत्साहाने. परंतु पोरगा गुणी. म्हणाला, "मामा, वाढवायचं ते मागाहून. आधी आहे ते किती आहे, ते बघू."

आम्ही गाडी हाकली आणि तो शेजारी बसून आकडे टिपत राहिला. घरी येऊन त्याने दोन रेषा काढून दाखविल्या. संगणक मागत होता दीड बार. नळीत मिळत होते सव्वा. तिसरी रेषा पाहून मात्र आम्हीही चरकलो. वेस्टगेट मिटून ठेवण्याच्या टक्क्यांनी केव्हाच कमाल गाठली होती. हुकूम सुटला होता, पुन्हा सुटला होता, आणि अंमलबजावणी नव्हती. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाने अशा वेळी आणखी कडक हुकूम काढू नये. वाटेत कागद कुठे गळतो ते पाहावे. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या पोटाशी एक चीर होती. हातास लागे, डोळ्यांस दिसत नसे. दाब चढला की ती आ वासे आणि दाबलेली हवा निसटे. आम्ही दाबाचा आकडा वाढविला असता तर ती गळती भरून काढण्यासाठी टर्बोला आणखी बेफाम फिरावे लागले असते, आणि कुठल्यातरी ट्रकच्या बाजूस असतानाच त्याने मान टाकली असती.

नळी बदलली. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालू लागल्या. आता भाच्याने आपला मूळ प्रस्ताव पुन्हा सादर केला. त्याची बाजू पोकळ नव्हती. एकच इंजिन कंपन्या निरनिराळ्या शक्तीचे म्हणून विकतात, हे खरेच आहे. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल आपल्याकडे ७५ आणि ९० अश्वशक्तीचे असे दोन्ही प्रकारे विकले गेले. परंतु ९० च्या इंजिनावर टर्बोच निराळा होता, हलत्या पात्यांचा. आकड्यामागे लोखंडही बदलले होते.

शिवाय हवा दाबली की तापते, आणि दुर्गाची मे महिन्यातील हवा तर दाबण्यापूर्वीच तापलेली असते. तापलेल्या, कोंबलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेट घेते आणि इंजिन ठोके देऊ लागते. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे ठोके ऐकून टर्बोचा दाब आपोआप उतरवणारी विद्युत्-व्यवस्था गाड्यांत आणली. तिचे मर्म शक्ती वाढविण्यात जितके होते, तितकेच वेळेवर माघार घेण्यात. कारखान्याने तक्त्यात जी शिल्लक राखून ठेवलेली असते ती अशा माघारीसाठी: उन्हासाठी, हलक्या पेट्रोलासाठी, चढणीसाठी. जानेवारीच्या गारव्यात ती अनाठायी वाटते, हे आम्ही मान्य करतो. राखीव निधी कुठल्याही जानेवारीत अनाठायीच वाटतो.

भाच्यास आम्ही मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ दाखविले. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. त्याने ते वाचले आणि हसून म्हणाला, "मामा, तुम्ही कलम शोधलंत, म्हणजे नको हे आधीच ठरलं होतं."

ठरले होते खरे, पण कलमामुळे नव्हे. त्या तीन रेषांनी ते ठरविले होते. आम्हांस हवी होती ती शक्ती गाडीत मुळातच मंजूर होती. आमच्यापर्यंत पोचत नव्हती, इतकेच. तिसऱ्या रेषेचा कागद आम्ही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे. टक्क्यांनी केव्हाही कमाल गाठली की प्रथम नळ्या तपासाव्यात, असा शेरा त्यावर भाच्याने आपल्या हाताने लिहून दिला आहे.

येत्या मे महिन्यात पुन्हा नागपुरास जाणे आहे. पारा पंचेचाळिसाच्या घरात असेल, आणि राजनांदगावच्या पुढे गाडी जरा हात राखून चालू लागेल. सौ. विचारतील, "आज ही दमल्यासारखी का हो करते?" आम्ही सांगू, "दमलेली नाही. हिशेबात आहे."