पडून राहण्याचे औषध

मंडळी, आजारी माणसाने पडून राहावे, हा धडा आमच्या पिढीला कोणी शिकवावा लागला नाही. ताप आला, पडून राहा. बाळंतीण आहे, पडून राहू दे. ऑपरेशन झाले, मग तर हलायचेच नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांत मी तीस-बत्तीस वर्षे नोकरी केली. त्या काळात आजारी मुलांच्या घरी जाऊन "त्याला विश्रांती घेऊ द्या" असे मीही सांगत आलो. साध्या तापाला ते ठीकच आहे. पण माणूस अतिदक्षता विभागात श्वासाच्या यंत्रावर असेल तर? तेव्हा तर कोणीही म्हणेल की आता व्यायामाचे नाव काढू नका.

2023 साली गणपती उठले आणि त्याच आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींना न्यूमोनिया झाला. (नातेवाईकांना हे ठाऊकच आहे, पण ब्लॉगवरच्या मित्रांसाठी सांगतो.) शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ऑक्सिजन लावला, पण श्वास सावरेना, तेव्हा 108च्या गाडीने कल्याणला नेले. तिथे एका खासगी रुग्णालयात तिला व्हेंटिलेटरवर ठेवले. अकरा दिवस. वय एकोणसत्तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भेटायला गेलो, तर एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी तिचा पाय गुडघ्यात दुमडत होती आणि सरळ करत होती. तोंडात नळी, दोन्ही हातांना सुया, डोळे अर्धे मिटलेले. सोबत आलेले माझे मेहुणे मुरबाडचे शेतकरी गृहस्थ. त्यांना ते बघवेना. बाहेर येऊन म्हणाले, "दाजी, त्यांना सांगा ना, ताईला छळू नका. श्वास मशीन घेतेय आणि हे कवायत कसली करून घेतात?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी तो त्या मुलीलाच विचारला. ती म्हणाली, "सर, फुप्फुसं बरी होतील, पण तोपर्यंत पाय राहायला हवेत ना!"

घरी आल्यावर मुलाकडून इंटरनेटवरचे लेख काढून घेतले आणि मास्तरकीच्या सवयीने टिपणे काढली. ती अशी.

लंडनमधल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला गेला. दहा दिवसांत त्याचा आडवा छेद सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी घटला होता. आजार स्नायू खातो आणि पडून राहणे त्यात भर घालते. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छातीखालचा पडदा. सगळे काम यंत्र करू लागले की तोही लवकर बारीक होतो. म्हणजे ज्याच्या बळावर यंत्रावरून सुटायचे, तेच यंत्रावर असताना कमी होत जाते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको. बैल दोन महिने गोठ्यात बांधून ठेवला आणि एकदम नांगराला जुंपला, तर काय होईल? मेहुण्यांना हाच दाखला दिला, तेव्हा ते गप्प झाले.

शिकागो आणि आयोवा इथल्या डॉक्टरांनी 2009 साली व्हेंटिलेटरवरच्या 104 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांची गुंगीची औषधे रोज थांबवून, पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांच्याकडून व्यायाम सुरू केला. बाकीच्यांचीही गुंगी रोज थांबवत, पण व्यायाम नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झाला. रुग्णालयातून सुटताना पहिल्या गटातले 59 टक्के लोक स्वतःचे स्वतः करू शकत होते, दुसऱ्या गटातले 35 टक्के. आजारात जो भ्रम होतो, माणूस भलतेच बघतो आणि भलतेच बोलतो, तोही पहिल्या गटात निम्मे दिवसच टिकला.

गंमत म्हणजे व्हेंटिलेटर आणि फिजिओथेरपी या दोहोंच्या इतिहासात पोलिओ आहे. 1952 साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून रबरी पिशवीने हवा भरायची, ही युक्ती ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांनी काढली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र हाताने पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तिथे मानतात. साधारण त्याच सुमारास, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत केईएम रुग्णालयात भारतातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. ही विद्या आपल्या दारात इतकी वर्षे आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांपर्यंत तिचे नाव मात्र फारसे पोचले नाही. अजून लोक तिला "मालिश" म्हणतात.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धा धडा शिकवल्यासारखे होईल. 2022 साली सहा देशांतल्या 750 रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या व्यायामापेक्षा जास्त व्यायाम, म्हणजे रोज सुमारे नऊ मिनिटांऐवजी एकवीस मिनिटे, करून घेतला तर जास्त फायदा होतो का? तर नाही. उलट नाडी अनियमित होणे, रक्तदाब किंवा ऑक्सिजन उतरणे असे प्रकार वाढले. अति तेथे माती, दुसरे काय! व्यायाम हवा, पण रोज नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन बघून, झेपेल तेवढाच. आमच्या हिच्या बाबतीतही दोन दिवस त्या मुलीने आकडे बघितले आणि "आज नको" म्हणून ती परत गेली. तिच्यावर माझा विश्वास बसला तो तेव्हा.

सहाव्या दिवशी तिला पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवले. एकीने पाठ धरली, एकीने नळी सांभाळली. डोके मानेवर ठरत नव्हते. दोन मिनिटे बसली असेल. मी घरून पाटी-पेन्सिल नेली होती, कारण नळीमुळे बोलता येत नव्हते. पहिल्या दिवशी पेन्सिल बोटांत राहिली नाही. आठव्या दिवशी वाकडेतिकडे एकच अक्षरजोड उमटले: "चहा". चाळीस वर्षांत मी तपासलेल्या कोणत्याही वहीने मला इतका आनंद दिला नाही.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. भातकापणीचे दिवस होते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर आठ औषधे होती, व्यायामाची एक ओळ नव्हती. त्या मुलीनेच वहीच्या पानावर लिहून दिले होते: खुर्चीतून उठणे-बसणे पाच वेळा, ओटीवर चालणे, दम लागला की थांबणे. परदेशी अभ्यासात "स्वतःचे स्वतः करणे" म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण, केस विंचरणे, पलंगावरून खुर्चीत जाणे, संडास आणि चालणे. आपली यादी याहून अवघड आहे. आपल्याला मांडी घालून जमिनीवर बसायचे असते, उकिडवे बसून उठायचे असते. हिला पहिले तीन आठवडे संडासाला खुर्ची लागली. त्याचे तिला आजारापेक्षा जास्त दुःख झाले.

भेटायला येणारे सगळे प्रेमाने एकच सांगत: "काकू, उठू नका हो." आणि मी दारात उभा राहून म्हणत असे, उठू द्या. दोघे-तिघे माझ्यावर रागावलेही. त्यांचा राग मी समजू शकतो. काळजी दाखवायची आपली रीतच ती आहे, हातातले काम काढून घ्यायचे. पण या आजारातून उठणाऱ्याच्या हातात काम परत द्यावे लागते. आधी भाजी निवडणे, मग विळीवर बसणे, मग अंगणातली तुळस.

वर्षभर लागले. पूर्वीची चाल आली नाही, जिना चढताना अजून थांबते. पण मांडी घालून जेवायला बसते, आणि उठताना मी हात पुढे केला तर झिडकारते.

तेव्हा मंडळी, घरातले कोणी अतिदक्षता विभागात असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. गुंगीचे औषध रोज थांबवून बघता येईल का? फिजिओथेरपिस्ट कधीपासून येणार? आणि घरी गेल्यावर काय करून घ्यायचे, ते लिहून द्याल का? विचारण्यात संकोच नको. तुमच्यापैकी कोणी या वाटेने गेले असेल, तर तेही लिहा. आमच्याकडच्या शिकवणीला उपयोग होईल.