चाकांचा कल

मोटारीचीं चाकें अगदीं ताठ उभीं राहून नाकासमोर धांवतात, असा आपणां सर्वांचा समज असतो. वस्तुतः तीं किंचित् कललेलीं व किंचित् वळलेलीं असतात, आणि हा कल किती असावा हें कांहीं मोटारींत मालकास ठरवितां येतें. आम्हांस ह्या विषयाची फार दिवसांची आवड आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांपुढें त्याविषयीं चार शब्द मांडीत आहों.

जपानांतील माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं लोकांपुढें आणलेली एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार उदाहरणादाखल घेऊं. हौशी लोक ती शर्यतीच्या मैदानावर नेतात व तिच्यांतूनच रोज कामावरही जातात. तेव्हां तिचीं चाकें कोणत्या रस्त्यासाठीं जुळवावीं, हा प्रश्न सहजच उभा राहतो.

मापें मुख्यतः तीन. पहिलें कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आंत किंवा बाहेर किती झुकला आहे तें. वळणावर गाडी बाहेरच्या अंगास कलते व त्या बाजूचा टायर आपल्या बाहेरील कडेवर येऊं पाहतो. माथा आधींच आंत झुकविला असेल, तर तो टायर सपाट बसून रस्ता घट्ट धरतो. म्हणून शर्यतीसाठीं अडीच-तीन अंशांपर्यंत कल देतात. परंतु सरळ रस्त्यावर त्याच टायरच्या आंतील कडेवर अधिक भार पडून ती लवकर झिजते, आणि जोरानें ब्रेक दाबतांना पकड कमी पडते.

दुसरें माप टो, म्हणजे चाकांचीं तोंडें एकमेकांकडे वळलेलीं आहेत कीं बाहेर फांकलेलीं आहेत तें. पुढचीं चाकें किंचित् फांकलेलीं असलीं तर गाडी चटकन् वळते, पण सरळ रस्त्यावर चंचल होते. शिवाय टायर घासत चालल्यामुळें लौकर निकामी होतात. तिसरें कॅस्टर. सायकलीचा पुढचा काटा तिरपा असतो, तसाच हा तिरपेपणा. ह्यानें वळलेलें चाक आपोआप सरळ होऊं पाहतें.

जुळणीचा क्रमही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. प्रथम टायरांतील हवा व सांध्यांची झीज तपासावी. मग मागचीं चाकें, नंतर पुढचीं. टो सर्वांत शेवटीं, कारण कॅम्बर हलविलें कीं टोही हलतो.

आमची निवड विचाराल तर रोजच्या रस्त्यासाठीं पुढें सुमारें एक अंश, मागें दीड अंश आंत कल. मागील चाकांचीं तोंडें किंचित् आंत, पुढचीं जवळजवळ सरळ. आणि कॅस्टर दोहों बाजूंस सारखें. मैदानावर अशी गाडी कदाचित् मागें पडेल. परंतु अतिशय कललेल्या टायरची झिजलेली आंतील कड उभ्या माणसास दिसत नाहीं; बाहेरून टायर नवाच भासतो, आणि पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर एकाएकीं दगा देतो. शेजारच्या आसनावर बसणाऱ्यानें तें माप निवडलेलें नसतें. त्यानें केवळ चालकावर विश्वास टाकलेला असतो.

प्रत्येक लाभाची किंमत कोठें तरी द्यावीच लागते. ती कोण देणार, ह्याचा विचार करून जो माप ठरवितो, तोच आमच्या मतें खरा कुशल चालक होय.