माणग्याचं बेट

सिंधुदुर्गात गडग्याच्या कडेनं माणगा बांबूची बेटं उभी असतात. काटे नाहीत, खालची कांडी जवळजवळ भरीव. घराच्या आवारासाठी मला कळकापेक्षा माणगाच हवासा वाटतो. कळकाची काटेरी जाळी गुरं अडवायला उत्तम, पण तिच्या पोटात हात घालायची सोय नाही. आणि बांबूचं बरंवाईट ठरतं ते बेटाच्या पोटातच.

पावसाळ्यात कोंब जमिनीतून वर येतो तो आयुष्यभराची जाडी घेऊनच. आंबा वर्षानुवर्षं बुंध्यानं भरत जातो. बांबू गवताच्या कुळातला, त्याची काठी पुढं सूतभरही जाड होत नाही. दोन-तीन महिन्यांत ती पूर्ण उंची गाठते, मग फांद्या, मग पानं. एवढी धाव स्वतःच्या पानांवाचून! तिची शिदोरी असते जमिनीखालच्या कंदात, आणि ती भरून ठेवलेली असते शेजारच्या थोरल्या काठ्यांनी. म्हणून कोंब बारीक निघू लागले की मी आधी विचारतो, गेल्या साली बेटातून काय तोडलं?

कारण कोयता सहज पोचतो तो कडेला, आणि कडेलाच असतात नव्या, हिरव्यागार, सरळ काठ्या. जुन्या मधे अडकलेल्या. कडेच्या तोडत गेलं की कमावती पानं जातात, आत म्हातारी गर्दी उरते आणि बेट गुदमरतं. असं बेट पाहिलं की जीव हळहळतो. एका बाजूनं वाट करून आत शिरावं, तीन पावसाळे पाहिलेल्या, पांढुरके डाग धरलेल्या काठ्या काढाव्यात. जमिनीजवळच्या पहिल्या गाठीच्या लगेच वर छाटावं. वर थोटूक ठेवलं तर ते पावसात कुजतं. हे काम थंडीतलं. कोंबांच्या दिवसांत बेटात कोयता नेऊच नये.

बाकी मागणं थोडं. पाणी तुंबू नये. पाचोळा झाडून नेऊ नये, त्यातली सिलिका मातीला परत मिळू द्यावी. पावसाआधी शेणखत घालून, उघड्या पडलेल्या कंदांवर मातीची भर द्यावी.

भाजीसाठी वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, हवेच असतील तर हंगामाच्या शेवटी, आतल्या दाटीत उगवलेले घ्यावेत. त्यांतले बरेचसे एरवीही वाढत नाहीत. बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवावेत, ते पाणी ओतून चांगले उकडावेत. कडेला आलेला पहिला जाड कोंब मात्र, कितीही कोवळा दिसला तरी, राहू द्यावा.