पाठीवरचे बिऱ्हाड

वर्गात सहलीचा विषय निघाला की लोणावळा, माथेरान अशी नावे ऐकू येतात. आमच्या घरात 'सहल' हा शब्द कधी कोणी उच्चारला नव्हता. लग्नकार्याला गावी जायचे आणि आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापुढे रांगेत उभे राहायचे, एवढाच आमचा प्रवास. या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. दरवर्षी दर्शन घेऊन आजी घरी आली की चपला काढता काढता एकच वाक्य बोलते, "इठोबा भेटला गं, पर वाट ऱ्हायली."

या राहिलेल्या वाटेला एक कारण आहे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणीच्या रजेत वारी बसत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्या वर्षी आजोबा गावच्या दिंडीबरोबर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत गेले. "विठ्ठलानं रजा मंजूर केली," असे ते म्हणत. आजी पाच वर्षांच्या बाबांना घेऊन वडाळ्यातच राहिली. 'पुढच्या वर्षी दोघं जाऊ,' असे आजोबांनी तिला सांगितले होते. पुढच्या वर्षी गिरणीच्या पटावर त्यांचे नाव नव्हते आणि घरात वारीचे नाव निघत नव्हते.

२०२५ च्या मे महिन्यात आजीने एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात दोन हजार रुपये होते. "पंढरपूरपातूर न्हाई म्हणत. येक घाट चढते. पर समदी मिळून जायचं," ती म्हणाली. आजीचे वय तेव्हा शहात्तर होते आणि दोन्ही गुडघे दुखरे.

मी अर्थशास्त्राच्या वहीचे शेवटचे पान उघडले. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी १९ जूनला आळंदीहून निघणार होती. २० आणि २१ ला पुण्यात मुक्काम, २२ ला दिवे घाट चढून सासवड, तेथे दोन मुक्काम आणि २४ ला जेजुरी. २१ ला निघून २५ ला परतायचे, असे मी ठरवले. प्रवासाचा हिशेब सोपा निघाला. एस.टी.त पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही, म्हणून आजी फुकट; बायकांना अर्धे, म्हणून आई आणि मी मिळून एक तिकीट; पूर्ण तिकिटाचे धनी एकटे बाबा. चार माणसे दोन तिकिटांत! जाऊन-येऊन आणि मधला प्रवास धरून मी १,२०० रुपये लिहिले.

राहण्याचा प्रश्न गावच्या दिंडीने सोडवला. पूर्ण वारी करणारे भिशी भरतात आणि त्यांचे सामान ट्रकमधून मुक्कामाला जाते. आम्ही तीन दिवसांचे पाहुणे. राहुटीत जागा नव्हती, पण ट्रकच्या कडेला स्वतःचे पाल ठोका, जेवायला आमच्या पंगतीत बसा, असा निरोप आला. त्याबद्दल काय द्यायचे? आजी म्हणाली, शिधा. मी घरातला रेशनचा तांदूळ सुचवला, तर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी निमूटपणे ५ किलो कोलम आणि २ किलो तूरडाळ लिहिली. रुपये ५४०. वाटेत लोक केळी, चहा, जेवण वाटतात, तेव्हा वरखर्च कमी धरावा असेही माझ्या मनात होते. आजीने तेही खोडले. "मिळंल ते परसाद म्हनून घ्यायचं. हिशेबात धरायचं न्हाई."

ताडपत्री चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची मिळाली, बिनपैशाची. दोरी, खुंट्या आणि खाली अंथरायचे मेणकापड २६०. पावसाची प्लॅस्टिकची चार घोंगती २००. गुडघ्यांचे मलम, पट्ट्या, मीठ-साखरेच्या पुड्या १५०. किरकोळ ३००. बेरीज २,६५०. आजीचे दोन हजार आणि माझे शिकवणीचे आठशे मिळून हाती २,८०० होते. मला वाटले, अर्थमंत्र्यांनाही असे शिलकी अंदाजपत्रक जमत नसेल.

मी ते पान बाबांना वाचून दाखवले. ते ट्रक टर्मिनसजवळच्या गोदामात रोजंदारीवर आहेत. त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "माझे खाडे कुठे लिहिलेस?"

पाच दिवस, रोजचे सातशे. साडेतीन हजार रुपये. आमच्या साऱ्या तयारीपेक्षा न मिळणारा पैसाच मोठा होता. संधी खर्चाची व्याख्या मी परीक्षेत अचूक लिहिली होती आणि घरच्या हिशेबात तीच विसरले होते. "तुम्ही तिघी जा," बाबा म्हणाले. आजी म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे." तिने डबा उचलून फळीवर ठेवला. पुढचे चार-पाच दिवस त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही. मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मी, आणि मी जो हिशेब मांडला त्याने आजीची वाट पुन्हा अडवली.

एका रात्री मी ते पान फाडायला घेतले. तारखा पुन्हा वाचताना लक्षात आले की मी तारखा लिहिल्या होत्या, वार लिहिलेच नव्हते. कॅलेंडर काढले. २२ जून, दिवे घाटाचा दिवस, रविवार होता! शनिवारी काम संपवून रात्रीच्या गाडीने निघायचे, रविवारी सर्वांनी मिळून चालायचे आणि बाबांनी सासवडहून रात्रीच परत फिरायचे. खाडा शून्य. मी बाबांना उठवून सांगितले. ते कॅलेंडरकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मग मागे पाल कोण सांभाळणार? शीक आता."

ताडपत्री बांधणे हे त्यांचे रोजचे काम. भरलेल्या ट्रकवर ती कशी ताणायची, पाणी साचू नये म्हणून उतार कुठे ठेवायचा, ओल्या दोरीची गाठ कशी मारायची, हे सारे त्यांनी चाळीच्या पटांगणात तीन संध्याकाळी आईला आणि मला शिकवले. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस आला आणि पाल आमच्या अंगावर बसले. चाळकरी गॅलरीत उभे राहून हसत होते. तिसऱ्या संध्याकाळी ते उभे राहिले आणि आजी आत जाऊन चक्क तासभर झोपली. घरातल्या गाद्या आवरल्यावरही इतकी जागा होत नाही, असे आई म्हणाली.

रविवारी आजी हडपसरपर्यंत चालली, मग दिंडीच्या ट्रकमध्ये बसली आणि घाटाच्या पायथ्याशी हट्टाने खाली उतरली. बाबांनी तिचा एक हात धरला, मी दुसरा. वळणावरून मागे पाहिले तर खाली पताकांची रांग संपत नव्हती. सारा घाट तिला काही जमला नाही. निम्म्या वाटेवर ती दगडावर टेकली आणि बाबांना म्हणाली, "तुझा बा हितनंच गेला आसंल." बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून तिच्या चपलांचे बंद पुन्हा घट्ट केले.

सासवडला पाल बाबांनी बांधले, पण शेवटची गाठ माझ्याकडून मारून घेतली. तिला दोनदा हिसका देऊन पाहिला आणि ते गाडी पकडायला गेले. रात्री पाऊस आला. मी बराच वेळ जागी राहून त्या गाठीकडे पाहत होते. ती सुटली नाही.

(द्वितीय वर्ष कला)