सुलतानाचा वाटत नाही असा महाल

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या आग्नेयेला फराहबाग आहे, बोलण्यात फर्याबाग. राहुरीहून आम्ही एसटीने नगरला उतरलो आणि पुढे रिक्षा केली. या वेळी बरोबर भाचा होता. तो मुंबईत चित्रपटांचे सेट सजवतो, आणि सध्या जिन, परी, सुलतान अशा एका जादूच्या चित्रपटावर आहे.

हे काम नक्की काय, ते आम्हालाही प्रवासातच कळले. सुतार प्लायवूडचा सांगाडा उभा करतात. साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि काथ्या घालून कमानी, जाळ्या काढतात. मग पेंटर त्यावर दगडाच्या शिरा, शेवाळ, दिव्याची काजळी रंगवतात. शेवटी भाच्याची पाळी: गालिचे, झुंबरे, सुरया, पडदे. पुष्कळ सामान भाड्याचे. कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच भिंत, मागे बांबू आणि खिळे. चित्रीकरण संपले की सगळे मोडायचे.

महालाचा नमुना मात्र ठरलेला असतो. कांद्यासारखा घुमट आणि वर चंद्रकोर. होमी वाडियांचे ‘अलादीन और जादुई चिराग’ (1952), ‘अलीबाबा और चालीस चोर’ (1954), ‘हातिमताई’ (1956) आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळे भरून पाहिले. पडद्यावरचा तो बगदाद अजून हललेला नाही. त्यात दख्खन कुठेच नाही!

आणि इथे खराखुरा महाल उभा आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1583 मध्ये, सलाबतखानाने तो पुरा केला. आठ बाजूंची दुमजली इमारत, मध्ये उंच घुमटाचा दिवाणखाना, भोवती तलाव. आम्ही गेलो तेव्हा तलाव कोरडा होता. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. हे राज्य इथल्याच मातीतले, आणि महालही तसाच. टोकदार कमानी, चुन्याचा गिलावा, डामडौल कमी. भरदुपारी आत वारा खेळत होता.

भाचा गिलाव्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिला. “मामू, असा रंग आम्हाला चार हात मारूनही येत नाही,” म्हणाला. त्याने तिथूनच फोटो वरिष्ठांना पाठवले. उत्तर लगेच आले: सुंदर आहे, पण सुलतानाचा वाटत नाही.

आम्हाला हसू आले, त्याला नाही. आपल्या मुलांनाही सुलतान म्हटले की तो कांदाच आठवतो, आणि मग नगरचे हे दगड त्यांना आपले वाटत नाहीत. हे आम्हाला खुपते.

परतताना दमडी मशीद पाहिली, 1567 सालची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढून ती उभी केली, असे नगरमध्ये सांगतात. मशीद लहान, पण दगडातली नक्षी पाहत राहावी अशी. भाच्याच्या मागच्या सेटचे पैसे अजून यायचे आहेत, तो म्हणाला, “आमच्याकडे दमडी बाजूला काढायला आधी हातात तर पडली पाहिजे!”

एसटीत त्याने वहीत फराहबागेची कमान काढली. दरबारात ती चालणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण महालाच्या मुदपाकखान्याचे एक दृश्य आहे, तिथे घुमट लागत नाही आणि कुणी फारसे विचारतही नाही. मागच्या भिंतीला ती तो बसवणार आहे.