जीपच्या मागचं गोल झाकण

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, ब्लोअर, रोटाव्हेटर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

घरामागच्या शेडमध्ये आमची जुनी जीप पडून आहे. आजोबांनी घेतलेली, 'डिस्पोजलची', म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या मालातली. कागदपत्रं कधीच संपली, टायर मातीला चिकटले. आता भंगारात द्यायचं ठरलं म्हणून गल्लीतल्या मिस्तरीला बोलावलं. तो खाली वाकला, मागे ट्रान्सफर केसवर हात फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, इथं कंपनीचं गोल झाकण पाहिजे. तुमच्याकडं शाफ्ट बाहेर काढलाय. पीटीओ हाये हा. ही जीप शेतात चालली."

मला माहीत होतं की चालली. ती कशी चालली आणि कशामुळे थांबली, हेही माहीत होतं. पण जीपला हे खूळ मुळात आलं कुठून, ते मी पहिल्यांदाच शोधायला बसलो.

आपल्या वणीत जीप म्हटलं की नांदुरीच्या रस्त्यावरची काळीपिवळी डोळ्यांसमोर येते. चैत्रात आणि नवरात्रात गडावर जाणारी, आत किती माणसं आहेत ते देवीलाच ठाऊक. पण जीप जन्मली लढाईसाठी. 1940 मध्ये अमेरिकेत बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना केला, मग विलीज आणि फोर्डने मिळून दुसऱ्या महायुद्धात 6 लाखांहून जास्त जीपगाड्या काढल्या. युद्ध संपल्यावर एवढ्या मोठ्या कारखान्याचं करायचं काय, हा प्रश्न विलीजला आधीच पडला होता. उत्तर होतं शेतकरी. 1942 मध्ये, लढाई ऐन भरात असताना, अमेरिकन कृषी खात्याने अलाबामातल्या ऑबर्न इथे जीपमागे शेतीची अवजारं जोडून चाचण्या घेतल्या. 1945 च्या जुलैत सीजे-2ए ही नागरी जीप आली. मागे ओढायला ड्रॉबार, आणि जादा पैसे दिले की पीटीओ. जाहिरातींचा सूर असा, की सकाळी नांगरा, दुपारी माल बाजारात न्या, संध्याकाळी बायकापोरांना घेऊन गावाला जा. एका गाडीत बैल, बैलगाडी आणि टांगा.

यातला पीटीओ महत्त्वाचा. इंजिनाची ताकद चाकाला न देता मागच्या शाफ्टला द्यायची आणि त्यावर दुसरं यंत्र फिरवायचं, एवढीच ती गोष्ट. ट्रॅक्टरला तो बाजारात आणला अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने, 1918-20 च्या सुमारास. पुढे माप ठरलं: मिनिटाला 540 फेरे, सहा खाचांचा शाफ्ट. जीपला बसवलेला पीटीओ त्याच मापाचा. म्हणून तर आमच्या जीपच्या शाफ्टला आजच्या ब्लोअरचा जॉइंट गपकन बसतो, मिस्तरीने लावूनच दाखवला.

ही कल्पना जगभर फिरली. ब्रिटनमध्ये मॉरिस विल्क्स यांच्याकडे शेतावर युद्धातली जीप होती. तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर 1948 मध्ये आली, तीही पीटीओसकट. जर्मनीत मात्र उलटा प्रवास झाला. युनिमॉग शेतीसाठीच बनवला, त्याच्या दोन चाकांमधलं अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांच्या मापाने ठेवलं, आणि नंतर तो लष्करात भरती झाला.

आपल्याकडे जीप आणली महिंद्रांनी. के. सी. महिंद्रा युद्धकाळात भारत सरकारच्या कामासाठी अमेरिकेत होते, तिथे त्यांनी जीप पाहिली. 1945 मध्ये कंपनी निघाली, 1947 पासून विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली. आणि गंमत बघा, 1963 मध्ये महिंद्रांनी ट्रॅक्टरसाठी हात मिळवला तो त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी, सोबत व्होल्टास. त्यातून बी-275 ट्रॅक्टर आला. जीपचा पीटीओ आणि ट्रॅक्टरचा पीटीओ, दोन चुलतभाऊ एकाच अंगणात आले.

मग जीप शेतात टिकली का नाही? आजोबा एका वाक्यात सांगायचे, "ती घोडी आहे रे, बैल नाही." नांगराला वजन लागतं, जीप हलकी. चाकं लहान, पोट जमिनीला जवळ. आपल्या काळ्या रानात पाऊस झाला की चारही चाकं जागेवर फिरायची. हळू चालवलं तर इंजिन तापायचं. आणि क्लच एकच, तो दाबला की गाडीही थांबायची आणि पीटीओही. फर्ग्युसनने ट्रॅक्टरला दिलेलं तीन टोकांचं हायड्रॉलिक आल्यावर तर जीपचा नांगर मागेच पडला. अवजार उचलायचं, टेकवायचं, आणि त्याचंच वजन मागच्या चाकांवर घ्यायचं, हे ट्रॅक्टर बसल्या जागी करायला लागला. आमच्या जीपनेही नांगर दोन हंगामांत सोडला. राहिलं ते उभ्याने करायचं काम. ट्रान्सफर केस न्यूट्रलला, गिअर टाकायचा, पीटीओ जोडायचा, आणि मागे मळणी यंत्र.

तिथेच ते झालं.

मी तेव्हा शाळेत होतो. मार्च महिना, गव्हाची मळणी. धाकले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पेंढी घेऊन शाफ्टवरून पलीकडे जायला लागले. वळसा घालायचा तर दहा पावलं होती. धोतराचा सोगा शाफ्टला लागला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. वडिलांनी जीप बंद करेपर्यंत आप्पांचा एक पाय आणि एक हात कामातून गेला होता. ते पुढे बावीस वर्षं जगले, ओट्यावर बसून. त्यानंतर जीप शेतात गेली नाही.

आता साधा हिशोब करा. 540 फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला 9. शाफ्टची जाडी साधारण 35 मिलिमीटर, घेर 11 सेंटिमीटर. म्हणजे कपडा अडकला की सेकंदाला जवळपास एक मीटर गुंडाळला जातो. माणसाला काय होतंय हे कळेपर्यंत ओढणी, उपरणं, साडीचा पदर संपलेला असतो. मधला जोडशाफ्ट याहून जाड असतो, तो तर आणखी वेगाने ओढतो.

तेव्हा आम्हाला वाटलं, जुनी लष्करी गाडी, घरगुती जुगाड, म्हणून असं झालं. नाही मंडळी. तोच शाफ्ट, तोच वेग आज प्रत्येक द्राक्षबागेत ब्लोअरमागे फिरतोय. फरक एवढाच की नवीन यंत्रासोबत प्लॅस्टिकचं कव्हर येतं. ते पहिल्या-दुसऱ्या छाटणीपर्यंत तडकतं, ग्रीस मारताना अडतं म्हणून काढून ठेवतात, आणि मग ते शेडमध्ये कोंबड्यांना पाणी प्यायला कामी येतं. मी स्वतः आमच्या ब्लोअरचं पाहिलं. कव्हर नव्हतं. आप्पांच्या घरात हे असेल, तर इतरांना काय नावं ठेवू?

कायदा नाही असं नाही. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे 1983 मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला 2 लाख, एक अवयव गेला तर 1 लाख मिळतात. म्हणजे हात गेल्यावरची सोय आहे. हात जाऊ नये म्हणून कोण बघतं?

माझं म्हणणं एवढंच. महाडीबीटीवरून अनुदानाचं अवजार घेतलं की मोका तपासणीला साहेब येतात, यंत्रासोबत शेतकऱ्याचा फोटो काढतात. त्याच वेळी एक फोटो शाफ्टच्या कव्हरचा काढा. कव्हर नाही तर अनुदान नाही, एवढं एक कलम टाका. विक्रेत्यांनी सुटं कव्हर दुकानात ठेवावं. आणि आपण, ट्रॅक्टर चालू असताना शाफ्ट ओलांडणार नाही, दहा पावलं वळसा घालू, एवढं घरात ठरवावं. फवारणीला येणाऱ्या मजुरालाही तेच सांगावं, कारण पदर आणि ओढणी बहुतेक वेळा त्यांचीच असते.

जीप अजून भंगारात दिलेली नाही. मिस्तरी म्हणतो, मागचा पीटीओ काढून गोल झाकण परत बसवतो, मग विका. मी सांगितलं, झाकण बसव, पण पीटीओ मला दे. तो आता ओट्यावर ठेवलाय, आप्पा बसायचे तिथे. पोरं विचारतात हे काय आहे, मग मी सांगतो.

तुमच्या शिवारात कुणाकडे जीपने मळणी, पाणी उपसणं, कुट्टी झाली असेल तर कमेंटमध्ये लिहा, जुना फोटो असेल तर टाका. आणि आज संध्याकाळी एकदा आपल्या ब्लोअरचं कव्हर बघून या.