पसरणीच्या वळणावर

पसरणी घाटातल्या एका वळणावर पुढची एसटी थांबली, तिच्यामागे आम्ही थांबलो. एसटी निघून गेली, पण आमची ॲम्बेसेडर काही जागची हलेना. मे महिना, गाडीत आम्ही पाच जण, डिकी सामानाने भरलेली. क्लच सोडायला लागलं की इंजिन दबायचं, ॲक्सिलरेटर वाढवला की क्लच प्लेट जळल्याचा कडवट वास यायचा. धाकट्या भावाने उतरून मागच्या चाकाखाली दगड लावला. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातात ही कधी अशी अडली नव्हती रे."

खरंच होतं ते. बाबांची ही 1972ची मार्क टू, 1489 सीसीची, याच घाटातून कित्येकदा वर गेली होती. बदल मी केला होता, दोन महिन्यांपूर्वी.

कारण होतं सातारा रस्ता. ताशी 80 किलोमीटरला इंजिन इतकं ओरडायचं की शेजारच्याशी बोलता येत नसे. मी हिशोब मांडला. टायरला खडूने खूण करून गाडी अंगणात ढकलली. एका फेऱ्यात ती दोन मीटर चार सेंटीमीटर पुढे गेली. मग गिअर न्यूट्रल करून मागचं एकच चाक जॅकवर उचललं. दुसरं जमिनीवर असलं की डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक दोनदा फिरवावं लागतं, तेव्हा आतला क्राउन एक फेरा पूर्ण करतो. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट पाच फेऱ्यांना थोडा कमी फिरला. पुढे उघडून दाते मोजले, तर पिनियनला 8 आणि क्राउनला 39, म्हणजे 4.875. टॉप गिअर एकास एक, तेव्हा 80च्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला जवळजवळ 3200 फेरे.

जुन्या बाजारात पाच गिअरचा एक बॉक्स मिळाला. इनपुट हाताने फिरवून मोजलं तर पाचवा 0.85 आणि पहिला 3.3 भरला. लेथवर ॲडॅप्टर प्लेट करून घेतली, शाफ्ट कापून बॅलन्स केला. आणि गाडी उघडलीच आहे म्हणून मागे 10 आणि 41 दात्यांची जोडी बसवली, 4.1ची. पहिल्या गिअरचा विचारच मनात आला नाही. माझं सगळं लक्ष टॉपकडे होतं.

घाटातून कसेबसे परत आल्यावर गाडी मिस्त्रींकडे नेली. सगळं ऐकून ते म्हणाले, "साहेब, एकाच रोगावर दोन औषधं दिली तुम्ही." मग लाकडी फळीवर खडूने त्यांनी गुणाकार मांडले. गिअरबॉक्स वेगळा आणि मागचा ॲक्सल वेगळा असं चाकाला काही कळत नाही, चाकापर्यंत दोघांचा गुणाकार पोचतो. जुना पहिला गिअर पावणेचारच्या आसपास. त्याला 4.875ने गुणलं की सव्वाअठरा. माझा नवा 3.3 गुणिले 4.1, म्हणजे साडेतेरा. निघतानाचा पाव जोर मी घालवून बसलो होतो, तोही पन्नासेक अश्वशक्तीच्या इंजिनाचा, ज्याला अकराशे किलोंवरची गाडी ओढायची असते. वरच्या टोकालाही फायदा नव्हताच. 80च्या वेगाला पाचव्यात इंजिन 2300च्या खालीच राहायचं, आणि जरा चढ लागला की परत चौथा.

मग त्यांनी शेवटची ओळ लिहिली: 0.85 गुणिले 4.875, बरोबर 4.14. मी ॲक्सल बदलून जे मिळवायला गेलो होतो ते नुसत्या पाचव्या गिअरने आधीच दिलेलं होतं. जुनी जोडी परत टाकली तर पहिल्याचा गुणाकार सोळाच्या वर जाणार होता. मला त्या फळीसमोरून हलवेना. रस्ते, ओझं, घाट यांचा विचार करून कुणीतरी ते 39 दाते कधीकाळी ठरवले होते, आणि मी ते जुनाट म्हणून काढून टाकले होते.

नशिबाने जुनी जोडी मी मोडीत दिली नव्हती, तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवली होती. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक इथला आणि एक तिथला चालत नाही. मिस्त्रींनी क्राउनच्या चार दात्यांना निळा रंग बोटाने अगदी पातळ लावला आणि पिनियन हळू फिरवला. ठसा दात्याच्या टोकाशी उमटला. शिम बदलली, परत फिरवला. चौथ्या खेपेला दात्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, स्वच्छ ठसा आला. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि नव्वद नंबरचं तेल भरायला सांगितलं.

सातारा रस्त्यावर आता 80ला पाचव्यात 2700 फेरे पडतात, आणि आई मागच्या सीटवरून बोलते ते मला पुढे ऐकू येतं.

दिवाळीत पुन्हा तेच पाच जण निघालो. पसरणीच्या त्याच वळणावर मी मुद्दाम गाडी थांबवली. भावाने न सांगताच दार उघडून एक पाय खाली टाकला. क्लच अर्ध्यावर आला, बॉनेट किंचित वर उचललं गेलं आणि गाडी निघाली.

"अरे, दार लाव आधी," आई त्याला म्हणाली.